सोलापूरच्या उन्हात पेरोव्स्काइट टिकेल का?

नमस्कार मंडळी! दुपारचे दोन वाजलेत, मी जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर उभा आहे आणि हे बघा, सोलर पॅनलला हात लावला की चटकाच बसतो. मे महिन्यात आपल्याकडे ४३ डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि पॅनल हवेपेक्षा वीस-पंचवीस डिग्री जास्त तापतं.

आता बरेच जण विचारतात, दादा, आजच्या सिलिकॉनच्या पॅनलऐवजी ते पेरोव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थाचं पॅनल येतंय म्हणे, थांबू का? थांबू नका. पण ते आहे जबरदस्त, हे आधी सांगतो. २००९ ला जपानमध्ये मियासाकांच्या टीमनं पेरोव्स्काइटचा पहिला सेल केला तेव्हा एफिशियन्सी, म्हणजे उन्हाच्या ऊर्जेतला वीज होणारा भाग, ३.८ टक्के होती, आज लॅबमधला छोटा सेल २६ च्या वर गेलाय, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिला की ३४ च्या पुढे. एकट्या सिलिकॉनची थिअरीतली मर्यादाच २९ च्या आसपास आहे!

मग अडतंय कुठे? आपल्या चादरीचंच घ्या ना. विणताना एक धागा तुटला तर आधी तिथं नुसती बारीक फट दिसते, पण चार धुण्यांत चादर तिथूनच उसवायला लागते. पेरोव्स्काइटचा थर अर्धा मायक्रॉन जाडीचा, द्रावणातून बारीक बारीक स्फटिक होऊन बनतो, आणि त्या स्फटिकांच्या सांध्यांवर, पृष्ठभागावर कुठे कुठे आयन (विद्युतभार असलेले अणू किंवा रेणू) गळालेले असतात. उन्हानं मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या खड्ड्यांत अडकून वाया जातात, म्हणजे वीज कमी, आणि ओल आत शिरते तीही तिथूनच, आयन सरकतात तेही तिथूनच. म्हणून एफिशियन्सी आणि टिकाऊपणा ही दोन वेगळी दुखणी नाहीत हो, खड्डा एकच आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे रफू, शास्त्रज्ञ त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. असे रेणू टाकायचे की ते त्या मोकळ्या जागांना जाऊन चिकटतात. दुसरं म्हणजे मिश्रणच बदलायचं. जुन्या मिश्रणातलं मिथाइलअमोनियम उष्णतेनं उडून जातं आणि काळपट थर पिवळा पडतो, तो पिवळा रंग म्हणजे उरलेलं लेड आयोडाइड, लेड म्हणजे शिसं. म्हणून आता फॉर्मामिडिनियम आणि सिझियम वापरतात. वरून दोन काचांमध्ये कडा पक्क्या सील करायच्या, ओल आत नको आणि शिसं बाहेर नको.

त्यामुळे उद्या कुणी विकायला आला तर टक्केवारी नंतर विचारा. आधी विचारा, ८५ डिग्री, ८५ टक्के दमट हवा, हजार तास, ही टेस्ट पूर्ण साइजचं पॅनल पास झालंय का, आणि बाहेर खऱ्या उन्हात किती वर्षं ठेवून बघितलंय? सिलिकॉनवाले २५ वर्षांची वॉरंटी लिहून देतात, हे किती वर्षांची देतात ते कागदावर मागा.