मरणापलीकडची नऊ गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मरणाच्या दारात गाणं म्हणणं आपल्या सोलापूरकरांना नवं नाही. घरातलं माणूस गेलं की भजनी मंडळी येतात, टाळ-मृदंग लागतो आणि ती अवघड रात्र कशीबशी सरते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी तर तळ्यातल्या देवळात, गावाच्या मधोमध आहे. लग्न ठरलं तरी आपण आधी तिथेच जातो. म्हणून आजचा अल्बम इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा असला, तरी तो तुम्हाला परका वाटणार नाही अशी माझी खात्री आहे.

बँडचं नाव अॅनाथेमा. कॅव्हना भावांचा हा बँड १९९० साली सुरू झाला, तो डूम मेटल वाजवत. संथ, जड गिटार आणि घशातून काढलेला आवाज, सगळा अंधारच. पुढे तो अंधार ओसरत गेला आणि २०१२ साली ‘वेदर सिस्टिम्स’ आला. त्यात नऊ गाणी आहेत. ढग, वीज, ऊन, वादळ अशी त्यांतल्या बऱ्याच गाण्यांची नावं, पण हवामान सगळं मनातलं. पात्रं नाहीत, कथानक नाही. ताटातूट, शोक आणि सुटका या क्रमाने अल्बम पुढे सरकतो.

पहिल्या गाण्यात गिटारच्या तारा भराभर छेडल्या जातात. लगेच दुसऱ्या गाण्यात तीच चाल पियानोवर संथपणे येते आणि ली डग्लस ही गायिका सोबतीला येते. जवळचं माणूस गेल्यावर तेच घर कसं निराळं वाटतं, ते इथे नुसत्या चालीतून कळतं. मधल्या वादळाच्या गाण्यातला यांत्रिक ठोका मात्र कानाला टोचतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्यांना तो सोसेल, बाकीच्यांनी थोडा धीर धरावा. त्यातूनच पुढे गाणं शांत होतं.

खरं मोल शेवटच्या गाण्याचं आहे. ते जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे. सुरुवातीला मरणाच्या दारातून परत आलेला एक माणूस साध्या, बोलत्या आवाजात सांगतो, की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश होता, मी कायम तिथेच होतो आणि पृथ्वीवरचं जगणं म्हणजे जेमतेम एक क्षण. त्याच्या बोलण्यात रडारड नाही, उपदेश नाही. त्यामागून सूर हळूहळू वर चढत जातात. परलोक आहे की नाही, हा वाद गाणं घालतच नाही. मागे राहिलेल्याला ते सांगतं, की गेलेला माणूस घाबरलेला नसेल. दुःखातल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता?

इंग्रजी समजत नाही म्हणून मागे राहू नका. शेवटच्या गाण्यातलं बोलणं घरातल्या कॉलेजच्या मुलाकडून एकदा समजून घ्या आणि मग पहिल्यापासून सगळी गाणी ओळीने ऐका. मधली गाळू नका. सगळा मिळून तासाभराच्या आतला ऐवज आहे.