पावसाळ्यानंतरची पद्मिनी : आधी ब्रेक, मग इंजिन

(दृश्य : पुण्यातल्या एका बंगल्याचं पोर्च. कापडी कव्हरखाली उभी असलेली गाडी.)

युरोप-अमेरिकेत जुन्या गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. आपल्याकडे पत्रा खायला पाऊस पुरेसा आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईची हौशी मंडळी जूनमध्ये गाडीवर कव्हर चढवतात, ते दसऱ्याच्या सुमारास काढतात.

ही प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगपाशी, हाताचे. मूळची इटलीची फियाट 1100 डी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि 1974 पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली; वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग सहज मिळायचे. आता जे आहे ते जपायचं.

दसरा तोंडावर आला की घाई होते. पूजेला गाडी दारात हवी, म्हणून कव्हर ओढलं, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. कृपा करून असं करू नका. चार महिने उभी असलेली पद्मिनी बहुतेक वेळा सुरू होतेच. प्रश्न ती थांबेल का, हा आहे.

(दृश्य : मागचं डावं चाक काढलेलं. मिस्त्री हातोडीने ड्रमवर हलके ठोके देताहेत.)

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा; पेडल दाबलं की आतल्या कमानी, म्हणजे ब्रेक शू, त्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. दमट हवेत ड्रमला आतून गंज धरतो आणि ब्रेक शू त्याला चिकटून बसतात. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर हमखास. म्हणून पावसाळ्याआधी हँडब्रेक सोडून, गाडी गिअरमध्ये टाकून, चाकांना विटा लावायच्या.

ड्रम निघाला. आता नीट पाहा. मिस्त्री व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याचं, रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरासं मागे सारतात. आत कोरडं हवं. इथे ओल आहे. म्हणजे आतलं रबर गेलं आणि ब्रेक ऑइल झिरपतंय. बाहेरून थेंबही दिसत नव्हता.

आणि हे मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडलच्या दाबाने चारही चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्यातलं ब्रेक ऑइल, कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळतं, पुरेसं पाणी मुरलं की तेच 140 अंशांवर येतं. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि घाट उतरताना पेडल सरळ खाली जातं. शिवाय तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, ते कितीही स्वच्छ दिसो.

सिलिंडरच्या रबरांचं किट बदललं. आता ऑइलच्या पाइपात शिरलेली हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. मालक पेडलवर, मिस्त्री चाकामागच्या हवा सोडायच्या निपलपाशी, तिला पारदर्शक पाइप लावून.

“दाबा, साहेब. धरून ठेवा. हं, सोडा आता.”

“बुडबुडे गेले का हो?”

“अजून आहेत. दाबा.”

पाइपमधून अखंड, स्वच्छ धार येईपर्यंत हे चालतं. इथे कंटाळा करायचा नाही.

दुसरी मोठी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉललाही पाण्याची ओढ. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा असते, तिचं पाणी पेट्रोलमध्ये मुरतं. ते फार झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. पत्र्याची टाकी तिथून गंजते. जुने रबरी पाइपही इथेनॉलने फुगतात, चिरतात. जुनं पेट्रोल काढून बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते गाडीत परत घालू नका. पाइप इथेनॉल चालणारेच बसवा. हवेत पेट्रोल मिसळणारा सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोटीत, चिकट साका सापडतो. तो क्लीनर आणि हवेने काढायचा. तार घातली की जेटचं भोक मोठं होतं.

इंजिनाचं काम त्या मानाने थोडं. एअर फिल्टरमध्ये उंदराने घर केलंय का आणि वायरी कुरतडल्यात का ते बघा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, कॉइलची वायर काढा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मग प्लग लावून, चोक ओढून सुरू करा.

(दृश्य : गाडीत मागे, वर उचललेलं रबरी मॅट.)

मॅटखाली हात घाला. गार, ओलसर लागलं तर पाणी कुठून आलं ते शोधा. बहुधा दाराच्या खालची भोकं मातीने बुजलेली असतात. फ्लोअरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो. जिथे आवाज बद्द येतो, तिथे रंगाखाली गंज आहे. प्लॅस्टिकचं कव्हर घालणाऱ्यांच्या गाडीत हा आवाज फार ऐकू येतो, कारण ओल आतच कोंडते. कव्हर कापडीच हवं.

टायरमध्ये हवा, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस, आणि गाडी गल्लीत. वेग वीसच्या आत. मोकळी जागा बघून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का? दोन-तीन किलोमीटर फिरून या आणि चारही ड्रमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एकाचीच धग जास्त लागली तर तिथला शू सुटत नाहीये. आज मागचा उजवा गरम आहे. मिस्त्रींनी पुन्हा जॅक लावलाय.