युरियाच्या गोणीमागची भट्टी

श्रोतेहो, नमस्कार. पंढरपूर-मोहोळच्या पट्ट्यात उजनीच्या पाण्यावर पोसलेल्या उसाला आपण युरिया देतो, तेव्हा ४५ किलोच्या त्या गोणीतला नत्र मुळात हवेतला आहे, हे अनेकांना ठाऊक असते; पण त्या नत्राला अमोनियात बांधून ठेवणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रायगड जिल्ह्यातील थळच्या खत कारखान्यात हेच घडते. त्याची सुरुवात होते संश्लेषण वायूपासून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेल्या मिथेनची वाफेशी गाठ घालून दिली, की मिथेनच्या एका रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. कागदावर सोपे दिसणारे हे काम प्रत्यक्षात मिथेनच्या एका मोलमागे, म्हणजे साधारण १६ ग्रॅममागे, सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता मागते. म्हणून अभिक्रियेला वेग देणाऱ्या निकेलच्या उत्प्रेरकाने भरलेल्या, दहा-बारा मीटर उंच मिश्रधातूच्या नळ्या भट्टीत ओळीने उभ्या केलेल्या असतात आणि त्यांतून बाहेर पडणारा वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो.

निकेल मात्र भारी नाजूक. गंधकाचा अंशही त्याला सोसत नाही, त्यामुळे वायूतील गंधक आधीच झिंक ऑक्साइडच्या थरात अडवून घ्यावे लागते. दुसरी वैरीण काजळी. वाफ कमी पडली, तर मिथेनमधला कार्बन उत्प्रेरकावरच बसतो, आणि चुलीवरचा तवा राखेने घासावा तशी सोय चालू भट्टीत नसते. म्हणूनच हिशेबाने एक भाग वाफ पुरत असताना कारखान्यात मिथेनच्या एका भागामागे अडीच ते तीन भाग वाफ सोडतात. जादा वाफेसाठी इंधन जळते, हे खरे. तरी ही उधळपट्टी मला शहाणपणाची वाटते.

भट्टीच्या भिंतीत डोकावण्यासाठी लहान झरोके असतात. नळीवर एखादा पट्टा शेजारच्या नळ्यांपेक्षा उजळ दिसला, की अनुभवी कामगार सावध होतो: तेथील उत्प्रेरक थकला आहे, अभिक्रिया मंदावली आहे आणि तिने शोषायची ती उष्णता आता नळीचा धातू सोसतो आहे.

अमोनियासाठी पुढच्या पात्रात हवा सोडतात. तिच्यातला ऑक्सिजन ज्वलनात खर्ची पडतो, त्या आचेवर उरलेला मिथेन फुटतो आणि नत्र मिश्रणातच राहतो. कार्बन मोनॉक्साइडची मग पुन्हा वाफेशी अभिक्रिया घडवतात, त्यातून आणखी हायड्रोजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा काढला जातो, जो अखेर अमोनियाबरोबर युरियात उतरतो. गोणीतल्या पांढऱ्या दाण्यातला कार्बन तो हाच.