स्वतःशी पुटपुटता? वहीत रेघोट्या ओढता? मग तुम्ही हुशार... थांबा जरा!

[टेबलावर एक वही, बॉलपेन आणि मोबाइल. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

"तुम्ही स्वतःशी बोलता? रात्री दोनपर्यंत जागता? टेबलावर पसारा असतो? अभिनंदन, तुमचा बुद्ध्यांक सरासरीपेक्षा जास्त आहे!" असली रील दर आठवड्याला कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर येते. आणि ज्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त पसारा, तोच ती पुढे पाठवतो.

नमस्कार मंडळी. या सवयींवर खरंच प्रयोग झालेत, ही गोष्ट खोटी नाही. घोळ पुढे होतो. आपण सवयीकडे हुशारीचं सर्टिफिकेट म्हणून बघतो. त्याऐवजी तिच्याकडे पान्यासारखं बघा: कुठला पाना कुठल्या नटाला बसतो आणि कुठे नुसता घसरतो. मग बरंच काही हाती लागतं.

पुटपुटण्यापासून सुरुवात करू.

[मोबाइल उचलून.]

बँकेचा ओटीपी आलाय. समजा ४८२९१७. मेसेज दिसला, वर सरकून गेला, आता तो पेमेंटच्या स्क्रीनवर टाकायचाय. तोंड आपोआप चालू होतं: "चार आठ दोन, नऊ एक सात... चार आठ दोन, नऊ एक सात..." तेवढ्यात आतून आवाज येतो, "चहा टाकू का?" तुम्ही म्हणता, "हो, टाक." आणि ओटीपी गेला!

का गेला? ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, एक मांडणी केली. तिचा एक भाग आवाजावर चालतो. वाचलेला आकडासुद्धा तिथे आवाज होऊनच बसतो. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होईल तेवढंच तिथे मावतं, आणि पुन्हा पुन्हा म्हटलं नाही तर ते पुसट होत जातं. पुटपुटणं म्हणजे ते पुसट होऊ न देणं. तुम्ही "हो, टाक" म्हणालात तेव्हा नेमकी तीच जागा चहाला दिलीत. मान हलवून होकार दिला असता तर ओटीपी वाचण्याची शक्यता जास्त होती.

इथे मराठी माणसासाठी एक खास खड्डा आहे. काही जण आकडे जोडीने म्हणतात: "अठ्ठेचाळीस, एकोणतीस, सतरा." तीनच शब्द, लक्षात ठेवायला सोपे. पण टाइप करताना? अठ्ठेचाळीसमध्ये कानावर आधी आठ पडतो आणि टाकायचा असतो चार. घाईत ८४ पडतात. एकोणतीस तर त्याहून वाईट, त्यात तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "पंचवीस"च्या जोडीला "वीस पाच" आलं आणि महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली, आठवतंय? लिहिण्याचा आणि बोलण्याचा हा उलटा क्रम, हेच त्यामागचं एक कारण होतं.) तेव्हा ओटीपी सुटे अंक म्हणून, तीन-तीनच्या गटात म्हणा.

आता पुटपुटण्याचा दुसरा उपयोग: हरवलेली वस्तू शोधणं. २०१२ मध्ये गॅरी लुपियन आणि डॅनियल स्विंगली यांनी अमेरिकेत हे तपासलं. पडद्यावर वीस वस्तूंची चित्रं, त्यातली सांगितलेली एक शोधायची. कधी गप्प राहून, कधी तिचं नाव मोठ्याने घेत. नाव घेतल्यावर वस्तू लवकर सापडायची. मग त्यांनी दुकानातल्या फळ्यांच्या चित्रांवर तसाच प्रयोग केला, आणि तिथे खरी गंमत कळली. ओळखीचा माल, ज्याचं नाव घेतलं की रूप डोळ्यांसमोर येतं, तो नाव घेतल्यावर झटकन सापडला. ज्याच्या नावावरून रूपाचा अंदाजच येत नाही, तो शोधायला बोलण्याने उलट जास्त वेळ लागला.

म्हणजे "चष्मा, चष्मा, चष्मा" म्हणत घरभर फिरणाऱ्या आजी बरोबर आहेत. चष्म्याला एकच ठराविक रूप असतं. पण "बाबांची औषधं, बाबांची औषधं" म्हणत कपाट उपसण्यात अर्थ नाही, औषधांना रूप कुठलं? तिथे "निळ्या झाकणाची डबी" म्हणा. "विम्याची कागदपत्रं" नको, "पिवळी फाइल, दोरीवाली" म्हणा. डोळ्यांना काय शोधायचंय ते तोंडाने सांगायचं असतं. आणि वस्तूचा रंगच आठवत नसेल तर गप्प राहून खण एकेक करून बघणं बरं.

तिसरा उपयोग ताणाच्या वेळचा. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. तयारी करताना काहींनी "मी का घाबरलोय" असा विचार करायचा, काहींनी स्वतःला नावाने हाक मारून किंवा "तू" म्हणून. दुसऱ्या गटाने भाषण बरं केलं आणि नंतर ते स्वतःला कमी कोसत बसले. इंटरव्ह्यूच्या आधी "मला जमेल का?" याऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचारा: "तुला पहिल्या दोन मिनिटांत काय सांगायचंय?" कुजबुज पुरे, लिफ्टमधल्या लोकांना ऐकवायची गरज नाही.

[वही पुढे ओढून, पेनाने समासात चौकोन भरत.]

आता रेघोट्या. बाईंनी वर्गात ज्यासाठी पट्टी मारली तीच ही सवय.

प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांचा २००९ चा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पण अर्धाच. चाळीस माणसं घेतली, तीही नुकताच दुसरा एक प्रयोग संपवून घरी निघालेली, म्हणजे आधीच कंटाळलेली. त्यांना अडीच मिनिटांचा एक रटाळ फोन-निरोप ऐकवला: पार्टीला कोण येणार, कोण नाही, मध्ये बरीच गावांची नावं. येणाऱ्यांची नावं टिपायची होती. निम्म्यांना ऐकताना कागदावर छापलेले लहान चौकोन आणि गोल भरायला सांगितले. नंतर न सांगता परीक्षा घेतली: नावं सांगा, आणि गावंही सांगा. चौकोन भरणाऱ्यांना सरासरी ७.५ गोष्टी आठवल्या, नुसतं ऐकणाऱ्यांना ५.८. म्हणजे २९ टक्के जास्त.

असं का, याचा अँड्रेड यांचा अंदाज असा: कंटाळा आला की मन दिवास्वप्नात जातं, आणि दिवास्वप्न डोक्यातली बरीच जागा खातं. चौकोन भरणं इतकं फुटकळ काम आहे की ते जागा फारशी खात नाही, पण मनाला खोलीबाहेरही जाऊ देत नाही.

सगळे अडखळतात ते इथेच. छापलेले चौकोन भरणं वेगळं आणि बॉसचं व्यंगचित्र काढणं वेगळं. नाक नीट आलं का, हे बघायला लागलात की ऐकणं संपलं. करायचं असेल तर असं करा: समासात एकेक सेंटीमीटरचे चौकोन आणि गोल मीटिंगच्या आधीच आखून ठेवा. एकच पेन घ्या, रंग नकोत. ठोकळे ओळीने भरत जा, कुठला भरायचा हे ठरवावंच लागू नये. मीटिंग ऐकायची असेल तरच हे चालतं. समोर पडद्यावर तक्ता दाखवत असतील तर पेन खाली ठेवा, कारण डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी नसतात. आणि विषय मुळातच रंगतदार असेल तर याची गरजच नाही. हा पाना कंटाळ्याच्या नटाचा आहे.

येरझाऱ्यांचं थोडक्यात. स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना लोकांना एखाद्या वस्तूचे नवेनवे उपयोग जास्त सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी, म्हणजे बागेची गरज नाही. पण ज्या कोड्याचं एकच उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागेच पडले. तेव्हा कार्यक्रमाला नाव सुचवायचंय तर गच्चीवर चकरा मारा, जीएसटीचा हिशेब जुळवायचाय तर बसा.

आता उरलेली यादी, जरा भराभर.

रात्री जागणारे. २०११ मध्ये प्रेकेल आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. उशिरा झोपण्याचा बौद्धिक क्षमतेशी संबंध निघाला, सहसंबंध ०.०८ (हा आकडा ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). फरकातला किती वाटा समजला हे बघायला याचा वर्ग करा: ०.००६४. माणसामाणसांतल्या बुद्धीच्या फरकातला एक टक्कासुद्धा झोपेच्या वेळेने समजत नाही. आणि त्याच हिशेबात परीक्षेतलं यश लवकर उठणाऱ्यांच्या बाजूने झुकलं. रीलमध्ये हा अर्धा भाग कापलेला असतो.

पसारा. २०१३ चा मिनेसोटा विद्यापीठाचा प्रयोग: पसरलेल्या खोलीत बसलेल्या लोकांनी पिंगपाँगच्या चेंडूचे जास्त कल्पक उपयोग सांगितले. पण त्याच अभ्यासात आवरलेल्या खोलीतल्यांनी चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त उचललं आणि देणगीही जास्त दिली. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने पसारा आणि कल्पकता पुन्हा तपासली, तर फरक दिसलाच नाही. टेबल आवरा किंवा नका आवरू, बुद्धीचं नाव पुढे करू नका.

आळस. फ्लोरिडातल्या साठ विद्यार्थ्यांच्या मनगटावर आठवडाभर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. ज्यांना विचार करायला आवडतं ते सोमवार ते शुक्रवार कमी हलले, शनिवार-रविवारी फरक नव्हता. बातमी झाली, "आळशी माणसं हुशार!" मोजली होती विचाराची आवड. बुद्ध्यांक मोजलाच नव्हता.

शिव्या. हे मला सगळ्यात आवडतं. २०१५ मध्ये क्रिस्टिन जे आणि टिमोथी जे यांनी लोकांना एका मिनिटात जमतील तेवढ्या शिव्या द्यायला सांगितल्या आणि मग ठरावीक अक्षराने सुरू होणारे साधे शब्द. ज्यांना शिव्या जास्त सुचल्या त्यांना साधे शब्दही जास्त सुचले. म्हणजे मोजला तो शब्दांचा साठा. सिग्नलला रिक्षावाल्यावर तुम्ही एकच शिवी सात वेळा देता, त्याची नोंद या प्रयोगात कुठेच नाही.

आणि थोरामोठ्यांच्या सवयी. रामानुजन पाटीवर गणित करायचे आणि कोपराने पुसायचे. ही काही प्रतिभेची लकब नव्हती. कागद महाग होता. त्याची किंमतही पडली: पायऱ्या पुसल्या गेल्या, वहीत उतरली ती बहुतेक फक्त उत्तरं, आणि त्या सिद्धता पुन्हा उभ्या करायला नंतरच्या गणितज्ञांना कित्येक दशकं लागली. पुढे कुणी तुम्हाला "अमुक शास्त्रज्ञ मोजे घालत नसे" असं सांगितलं तर एवढंच विचारा: मोजे न घालणारे बाकीचे किती, आणि ते काय करतात?

[वही कॅमेऱ्यासमोर उभी धरून.]

चौकोनांचा प्रयोग घरी करता येईल. रेडिओवरच्या किंवा यूट्यूबवरच्या बातम्यांचे अडीच-अडीच मिनिटांचे चार तुकडे निवडा, चित्र बंद ठेवा. दोन तुकडे नुसते ऐका, दोन चौकोन भरत ऐका. प्रत्येकानंतर मिनिटभर थांबून आठवतील ती गावांची आणि माणसांची नावं लिहा, मग पुन्हा ऐकून तपासा. चुकीची नावं वजा करा. क्रम मात्र असा ठेवा: नुसतं, चौकोन, चौकोन, नुसतं. आधी दोन्ही नुसते आणि मग दोन्ही चौकोनांचे घेतलेत, तर आकडा सरावाने वाढला की पेनाने, ते कळणार नाही. चार आकडे खाली कमेंटमध्ये टाका, कमी आले असले तरी.