बैठकीची रेघ

मंडळी, हिंदकेसरी मारुती मानेंच्या या सांगली जिल्ह्यात बैठक कशी मारतात हे सांगायला नको. म्हणून आज नमुन्याला बैठकच घेऊ. विषय ठरलाय तो देहाच्या हालचालीचं अमूर्त रेखाटन आणि त्यातून डिझाइन.

सध्या कसं चालतं बघा. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या चार देखण्या फ्रेम थांबवायच्या, अंगाची बाह्यरेषा गिरवायची आणि वरून दोन झोकदार वळणं काढायची. चित्र भिंतीवर शोभतं, पण हालचाल त्यातून निसटलेली असते. दोन फ्रेममध्ये किती वेळ गेला तेच ठाऊक नसेल, तर वेग वाचायचा कशावरून? माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी.

फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. शरीरशास्त्राचा माणूस. १८८२ साली त्यांनी सेकंदाला १२ चित्रं टिपणारी, खांद्याला लावायची कॅमेरा-बंदूक केली. पुढं फोटोच्या एकाच काचेवर चालत्या माणसाच्या लागोपाठ प्रतिमा घेऊ लागले, तर पांढऱ्या कपड्यातला माणूस जरा हळू चालला की प्रतिमा एकमेकींवर चढायच्या, नुसता पांढरा लगदा. मग १८८३ मध्ये माणसाला नखशिखांत काळं नेसवलं, हातापायांवरून पांढऱ्या पट्ट्या ओढल्या, सांध्यांवर ठिपके दिले, मागं काळोख. काचेवरून माणूस गेला, रेघा राहिल्या. प्रतिमा सुट्या दिसाव्यात म्हणून त्यांना देह गाळावा लागला. अमूर्त चित्र काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. काय गाळायचं आणि का, हे आधी ठरवणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

आता बैठक. मोबाइल ट्रायपॉडवर, कमरेच्या उंचीला, बरोब्बर बाजूनं, चार-पाच मीटर लांब. जवळ आणाल तर पुढचा गुडघा मोठा दिसतो. दर १० सेंटिमीटरला खूण केलेली काठी पैलवानाच्या शेजारी, त्याच्याच रेषेत उभी करा. मागच्या भिंतीला टेकवलीत तर माप चुकलंच. घोटा, गुडघा, खुबा, खांदा, मनगट, एवढ्याच खुणा. टिकल्या घामानं गळतात, तालमीची लाल माती बसली की दिसतही नाहीत. पांढरी कापडी चिकटपट्टी वेढा. सैल विजारीवर खूण नको, कापड सरकतं.

सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दर तिसरी घ्या. दीड सेकंदाच्या बैठकीला १५ स्थिती मिळतात. एकास दहा प्रमाणात छापा, वर ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांत फुल्या, २एच पेन्सिल. ठिपके सरळ रेघांनी जोडा आणि प्रत्येक स्थितीत मांडी मोजा. हाड आखडत नाही. चार सेंटिमीटरची मांडी पुढच्या स्थितीत साडेतीन भरली, तर ठिपका चुकला किंवा पैलवान तिरका झाला.

दुसऱ्या कागदावर फक्त खुब्याचे ठिपके उतरवा. तळाशी आणि वर दाटी, मधे विरळ. पहिल्या बैठकीशेजारी पन्नासावी काढा. चढतानाचे ठिपके जवळजवळ सरकलेले दिसतील. दम कुठं लागला ते कागदावर उमटतं! इथं फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं काढायची पट्टी, फिरवून रेघ गुळगुळीत केलीत तर नेमकं हेच पुसलं जातं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि कबूल केलेलं डिझाइन अजून राहिलंय. थोडक्यात सांगतो. तिसऱ्या कागदावर एकच गोष्ट ठेवा, उदाहरणार्थ मांडीची रेघ, आणि जाडीचा नियम रेघ ओढण्याआधी लिहून काढा: खुब्याच्या लागोपाठच्या ठिपक्यांत ५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तिथं रेघ जाड.

मग त्या १५ रेघा सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, कापा, मधे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे घालून ओळीनं उभ्या करा. वेळ सारखा होता, म्हणून फटीही सारख्याच. दिसायला बरं म्हणून एखादी फट वाढवू नका. फासळ्यांवरून पातळ कागद ताणला की पृष्ठभाग मिळतो, त्यावरून बाक होईल, नाहीतर छत. बाकासाठी बसण्याच्या उंचीचा भाग कापून घ्या, छतासाठी सगळं उलटं करा, आणि दोन्हीकडे त्याच प्रमाणातला कागदी माणूस शेजारी ठेवून बघा.