डबा कुठं लावायचा, ते फोन ठरवतो

मंडळी, नेट अडकतंय म्हटलं की आपल्याकडं पहिला उपाय ठरलेला: चार अँटेनांचा मोठा राउटर आणा. पण वायफाय दुतर्फी असतं. छताचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, आपण डबाच म्हणू, 20 डीबीएमनं (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) म्हणजे 100 मिलिवॉटनं बोलतो. खिशातल्या फोनचा आवाज साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणून फोनला डबा ऐकू येतो, डब्याला फोन नाही: काड्या भरलेल्या दिसतात आणि पैसे पाठवताना चक्र फिरत राहतं. डब्याची ताकद फोनच्या बरोबरीला, 14-15 डीबीएमवर आणा आणि डबे वाढवा. ताकद चढी ठेवली तर फोन दुसऱ्या खोलीत गेला तरी जुन्याच डब्याला चिकटून राहतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याचं काम असेल तर आधी भिंत मोजा. दोन फुटी काळा दगड 5 गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरींना जवळजवळ बंद दारच. तिथं खोलीगणिक डबा धरूनच अंदाजपत्रक द्या. अर्ध्या विटेची भिंत फारसं अडवत नाही. गुजरीतल्या सराफी पेढीत आरसे बघा. आपल्याला काच दिसते, पण मागच्या धातूच्या लेपामुळं वायफायच्या लेखी तो पत्राच.

डबा स्टुलावर किंवा शिडीवर, बसवायच्या उंचीला ठेवून चालू करा. दारं लावा, फोन घेऊन फिरा. माणसं बसतात तिथं 5 गिगाहर्ट्झवर उणे 65 डीबीएम मिळालं तर जागा पक्की. पॅसेजमध्ये ओळीनं डबे लावायचा मोह टाळा: ते एकमेकांना लांबपर्यंत स्वच्छ ऐकतात, एकमेकांना अडवतात आणि खोल्या उपाशी राहतात. डबा छताला, तोंड खाली. पत्र्याच्या फॉल्स सीलिंगवर लपवलात तर दिसायला छान, एवढंच.

2.4 गिगाहर्ट्झला 1, 6, 11 हीच चॅनेल, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. शेजारच्या डब्यांना वेगवेगळं चॅनेल द्या; वरच्या मजल्यावरचा डबाही शेजारीच धरायचा.

आता केबल, बहुतेक तक्रारींचं मूळ. कॅट सिक्स म्हणजे नेटवर्कच्या केबलची तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. त्यावर पीओईचा, म्हणजे त्याच केबलमधून डब्याला जाणाऱ्या विजेचा, व्होल्टेज पडतो, तार तापते. स्विच (सगळ्या डब्यांच्या केबली जिथं येतात ती पेटी) ते डबा 100 मीटरच्या आत. क्रिम्पिंगला, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी 3 आणि 6 नंबरच्या पिनांवर फाकते, ते मुद्दाम आहे. काहीजण सोपं म्हणून जोड्या सरळ ओळीनं बसवतात. स्वस्त टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात, पण 3 आणि 6 वर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात; मग गिगाबिटचा वेग 100 मेगाबिटवर येतो किंवा लिंक तुटत राहते.

स्विचचं विजेचं बजेटही बघा. आठ पोर्ट आहेत म्हणून आठ डबे चालतीलच असं नाही. एकूण 60 वॉट असतील आणि डबा 13 वॉट खात असेल तर चारच. पाचवा रात्री चालतो, दुपारी गर्दीत रीस्टार्ट होतो, आणि शिव्या वायफायला.

बाहेरच्या भिंतीतून केबल आणताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि बाहेर भोकाखाली केबलचा एक झोळ सोडा. आपल्याकडच्या जुलैत पाणी केबल धरूनच आत येतं.