कायदा खरंच आडवा येत होता का?

मंडळी, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, त्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "अहो त्याला गुलाम सोडायचे होते, पण त्याच्या व्हर्जिनिया राज्याचा कायदाच आडवा यायचा." कॉलेजात मी पण हेच मानायचो. सगळी माणसं समान आहेत असं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या माणसाबद्दल वेगळं काही मानायला मन तयारच होत नाही ना. मग कायद्यांची सालं ओळीने मांडून बघितली आणि ते वाक्य टिकेना.

१७२३ चा कायदा कडकच होता, गव्हर्नर आणि कौन्सिलच्या परवानगीशिवाय मालकाला गुलाम मोकळा करताच यायचा नाही. पण १७८२ ला ते बदललं. मृत्युपत्रात लिहा नाहीतर दस्त करून कोर्टात नोंदवा, माणूस मोकळा. म्हातारे आणि लहान मुलं असली तर त्यांच्या पोटापाण्याचं मालकाने बघायचं, एवढी अट. १८०६ पर्यंत, म्हणजे तब्बल २४ वर्षं, असंच चाललं. मग नियम आला की सुटलेल्याने १२ महिन्यांत राज्य सोडायचं, नाहीतर परत विक्री. आणि हे कायदे करणाऱ्या असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, बसलेले कोण होते, तर बहुतेक गुलामांचे मालकच!

त्या २४ वर्षांत रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या जमीनदाराने १७९१ ला दस्त केला, साडेचारशेवर माणसांची नावं त्यात, आणि दरवर्षी थोडे थोडे असे ते सोडायचे. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्रात आपले १२३ गुलाम मोकळे करायला सांगितलं. बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले जे होते त्यांच्यावर मात्र त्याचा हक्कच नव्हता, तिथे कायदा खरंच आडवा आला हे मान्य करायला हवं.

आणि जेफरसन? त्याने स्वतः १७९४ आणि १७९६ ला त्याच्याकडे गुलाम असलेल्या हेमिंग्ज घराण्यातल्या दोघा भावांना याच कायद्याने सोडलं, म्हणजे रस्ता त्याला पक्का माहीत होता. कर्जाचा मुद्दा लोक काढतात, तो खरा आहे, गुलाम गहाण होते, सावकारांचा हक्क आधी. पण आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं ज्याच्या मालकीची होती त्याने मृत्युपत्रात फक्त ५ सोडली, आणि त्या पाचांना राज्यात राहू द्यावं म्हणून असेंब्लीला विनंतीही केली. ही विनंती वाचली की मला फार त्रास होतो, कारण मनात असेल तिथे तो कायद्याशी बोलत होता.

त्या पाचांत जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. जेफरसन वारला ४ जुलै १८२६ ला, जोसेफला स्वातंत्र्य मिळणार होतं त्यानंतर एका वर्षाने, आणि मधेच जानेवारी १८२७ ला जेफरसनच्या माँटिसेलो या मळ्यावर लिलाव झाला. जोसेफची बायको ईडिथ, जी तिथली मुख्य स्वयंपाकीण होती, ती आणि मुलं त्यात विकली गेली, वेगवेगळ्या लोकांना. पीटर नावाचा मुलगा ११ वर्षांचा होता.

जोसेफ घण मारत राहिला, पैसे साठवत राहिला. १८३७ ला बायको आणि काही मुलांच्या सुटकेचा दस्त कोर्टात नोंदवला गेला, आणि त्यात मालक म्हणून सही करणारा होता तोच, जोसेफ फॉसेट. त्या दस्तात पीटर नव्हता.